लादिसियों, सिल वू प्ले! फ्रेंच बिलामागचा इतिहास

आजच्या एपिसोडचा हा लिखित भाग. ज्यांनी बसमध्ये, लोकलमध्ये अर्धवट ऐकला त्यांच्यासाठी, आणि ज्यांना फ्रेंच उच्चार नुसते ऐकून डोक्यात बसत नाहीत त्यांच्यासाठीही.

आपल्याकडे अकरावी-बारावीला 'स्कोअरिंग सब्जेक्ट' म्हणून फ्रेंच घेणारे खूप आहेत. मार्क मिळतात, सर्टिफिकेट मिळतं, आणि दोन वर्षांनी डोक्यात उरतं 'बोंझूर' आणि 'मेर्सी'. पण परदेशात पोचल्यावर पहिल्या तासाला काय लागतं? कविता नाही, व्याकरण नाही. लागतात दोन प्रश्न : हे कितीला? आणि बिल किती झालं?

आज आपण हीच वाक्यं शिकणार आहोत, पण इतिहासाच्या रस्त्याने. कारण यातल्या प्रत्येक शब्दामागे एकच जुनं भांडण आहे : किंमत कोणाला माहीत असणार? फक्त विकणाऱ्याला, की घेणाऱ्यालाही?

उच्चारांबद्दल एक सूचना. चंद्रबिंदू दिसला की स्वर नाकातून सोडायचा. शंभर टक्के जमणार नाही, पण काउंटरवरच्या माणसाला कळेल एवढं नक्की जमेल.

पहिलं वाक्य : से कोंब्यँ?

'से कोंब्यँ?' म्हणजे 'हे कितीला?' जरा मोठं वाक्य हवं असेल तर 'सा कूत कोंब्यँ?', म्हणजे 'याची किंमत किती?' आणि सगळं घेऊन झाल्यावर 'सा फे कोंब्यँ?', म्हणजे 'एकूण किती झाले?'

'कोंब्यँ' हा शब्द दोन तुकड्यांचा आहे. 'कों' म्हणजे जुन्या फ्रेंचमधलं 'कसं', आणि 'ब्यँ' म्हणजे 'बरं, चांगलं'. थोडक्यात 'कसं बरं?' त्याचं झालं 'किती?'

आता हा प्रश्न किती जीवघेणा असू शकतो ते बघा. फेब्रुवारी १७८९, पॅरिस. आदल्या वर्षी पीक बुडालेलं. चार पौंडांच्या पावाची किंमत साडेचौदा 'सू'वर गेलेली. सू हे तेव्हाचं नाणं. साध्या मजुराची दिवसाची कमाई साधारण वीस ते तीस सू. म्हणजे घरात रोज तसा एक पाव लागत असेल, तर निम्मी किंवा त्याहून जास्त मजुरी तिथेच संपली. भाडं, सरपण, कपडे सगळं उरलेल्यात. बेकरीच्या दारात उभं राहून 'से कोंब्यँ?' विचारणाऱ्या बाईच्या पोटात त्या उत्तराआधी गोळा येत असणार.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या हजारो बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या. मागणी पावाची होती. दुसऱ्या दिवशी राजाला सहकुटुंब पॅरिसला यावं लागलं. क्रांतीची पुस्तकी कारणं आपण शाळेत पाठ करतो, त्यात हे पावाच्या भावाचं प्रकरण एका ओळीत उरकलेलं असतं.

पुढे २९ सप्टेंबर १७९३ ला क्रांतिकारी सरकारने 'सर्वसाधारण कमाल' नावाचा कायदा केला. गरजेच्या वस्तूंचे जास्तीत जास्त भाव ठरवून दिले आणि दुकानदारांना भावांची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावायला सांगितली. कायदा नीट चालला नाही. माल बाजारातून गायब झाला, काळाबाजार वाढला, आणि डिसेंबर १७९४ मध्ये तो रद्द झाला. पण भाव भिंतीवर लिहिलेला असावा, सगळ्यांना सारखा दिसावा, ही कल्पना तिथे एकदा कायद्यात येऊन गेली.

सू गेला, शब्द राहिला

क्रांतीआधीचा हिशोब असा होता : १२ दनिये म्हणजे एक सू, २० सू म्हणजे एक लिव्र. १७९५ मध्ये फ्रँक आला आणि हिशोब दशमान झाला, एक फ्रँक म्हणजे १०० साँतीम. लोकांनी काय केलं? पाच साँतीमच्या नाण्याला 'सू'च म्हणत राहिले, आणि पाच फ्रँकला 'शंभर सू'.

आजही फ्रेंच माणूस कडका असला की म्हणतो, 'जे पा अँ सू', माझ्याकडे एक सूसुद्धा नाही. सू चलनातून जाऊन जमाना झाला. तुम्हाला हे विचित्र वाटत असेल तर स्वतःचं बोलणं आठवा. 'सोळा आणे खरं' म्हणणाऱ्या आपल्या पिढीने आणा पाहिला आहे का?

साम्य इथे संपत नाही. भारतात १ एप्रिल १९५७ ला रुपया दशमान झाला आणि गोंधळ नको म्हणून नाण्यांवर 'नये पैसे' असं छापलं गेलं. फ्रान्समध्ये १ जानेवारी १९६० ला महागाईने घसरलेल्या शंभर जुन्या फ्रँकचा एक फ्रँक केला आणि त्याला 'नूव्हो फ्राँ', म्हणजे नवा फ्रँक, असं नाव दिलं. आपले आजी-आजोबा आण्यांत बोलत राहिले, तसे तिकडचे म्हातारे घरांच्या किमती पुढची कित्येक वर्षं जुन्या फ्रँकमध्ये सांगत राहिले. मग १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा-नाणी हातात आली. दर होता एका युरोला ६.५५९५७ फ्रँक. दुकानात उभं राहून मनातल्या मनात हा भागाकार करून बघा!

आणि पैसा या अर्थाचा रोजचा फ्रेंच शब्द? 'आर्जाँ'. मूळ अर्थ चांदी. आपला 'रुपया'ही 'रूप्य'वरून, म्हणजे चांदीवरूनच आला.

आकड्यांचं लेगसी कोड

भाव विचारला, ठीक. पण उत्तर कळलं पाहिजे ना? इथे भले भले गळतात.

फ्रेंच आकडे ६९ पर्यंत सरळ चालतात. ७० म्हणजे 'स्वासाँत-दीस', साठ आणि दहा. ८० म्हणजे 'कात्र-वँ', चार वीस. ९७ म्हणजे 'कात्र-वँ-दी-सेत' : चार वीस, दहा, सात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हे लेगसी कोड आहे. कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी लिहिलं, चालतंय म्हणून कोणी हात लावला नाही.

विसांत मोजण्याची ही पद्धत पूर्वी फ्रेंचमध्ये आणखी पसरलेली होती. पुरावा पॅरिसमध्येच उभा आहे. १२६० च्या सुमारास राजा नववा लुई याने ३०० अंध लोकांसाठी एक आश्रयस्थान काढलं. त्याचं नाव 'कँझ-वँ', म्हणजे पंधरा वीस. पंधरा गुणिले वीस, तीनशे. आज तिथे डोळ्यांचं नामांकित हॉस्पिटल आहे आणि नाव तेच आहे. आपल्याकडेही गावातली जुनी माणसं 'तीन विसा', 'चार विसा' असं मोजायचीच की.

बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच भाषकांनी हा त्रास थोडा कमी केला आहे. तिथे ७० ला 'सेप्ताँत' आणि ९० ला 'नोनाँत' म्हणतात.

आकडा नाहीच कळला तर लाजायचं नाही. मोबाईल पुढे करायचा आणि म्हणायचं, 'वू पूव्हे लेक्रीर?', म्हणजे 'लिहून दाखवाल का?'

घासाघीस कुठे गेली?

आता कळीचा मुद्दा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पॅरिसच्या बहुतेक दुकानांत वस्तूवर किंमत लिहिलेली नसायची. दुकानदार आधी तुमचे कपडे बघणार, बोलण्याची ढब बघणार आणि मग भाव सांगणार. मग घासाघीस. या घासाघिशीला फ्रेंचमध्ये 'मार्शाँदे' म्हणतात. शिवाय एकदा दुकानात पाऊल टाकलं की काहीतरी घेऊनच बाहेर पडायचं, नुसतं बघून निघणं म्हणजे उद्धटपणा.

१८५२ मध्ये आरिस्तीद बूसिको नावाचा माणूस पॅरिसमधल्या 'बों मार्शे' या दुकानात भागीदार झाला. वडील टोप्या विकणारे, स्वतः कापडाच्या दुकानात विक्रेता म्हणून वर आलेला. 'बों मार्शे' या शब्दांचा अर्थच 'चांगला सौदा', म्हणजे स्वस्त. बूसिकोने वस्तूंवर ठरलेल्या किमती लावल्या. 'प्री फिक्स', एकच भाव. कोणीही आत यावं, बघावं, न घेता जावं. 'आँत्रे लिब्र', प्रवेश मोकळा. माल आवडला नाही तर परत आणा. यातली प्रत्येक गोष्ट त्यानेच शोधली असं नाही, त्याच्या आधीही पॅरिसमध्ये काही दुकानं ठरलेल्या भावाने विकत होती. त्याने ते सगळं एका छताखाली प्रचंड प्रमाणावर करून दाखवलं. एमिल झोलाने १८८३ मध्ये अशाच महाकाय दुकानावर अख्खी कादंबरी लिहिली आणि त्यात या दुकानांपुढे चिरडली जाणारी गल्लीतली छोटी दुकानंही दाखवली. फायदा-तोटा दोन्ही होते.

पण गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार करा. मोलकरीण आणि तिची मालकीण, दोघींना त्याच हातमोज्यांचा तोच भाव. चेहरा बघून ठरणारी किंमत चिठ्ठीवर आली. ज्याला बोलता येत नाही, भांडता येत नाही, जो परगावचा आहे, त्याला याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. तुम्ही-आम्ही पॅरिसला गेलो की याच रांगेत असतो.

म्हणून आज तिथल्या दुकानात घासाघीस करू नका, चमत्कारिक बघतील. पण हौस असेल तर जागा आहे. पॅरिसच्या उत्तरेला सँ-ताँ... नाही, थांबा, सोपं करून सांगतो : सँत-ऊआँ या उपनगरात जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. त्याला म्हणतात 'मार्शे ओ प्यूस', म्हणजे पिसवांचा बाजार. तिथे बिनधास्त म्हणा, 'से त्रो शेर!', फार महाग आहे! गंमत म्हणजे 'शेर' या शब्दाचे अर्थ दोन, महाग आणि प्रिय. ही 'पिसू' लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

दुसरं वाक्य : लादिसियों, सिल वू प्ले

'लादिसियों' म्हणजे शब्दशः बेरीज. 'सिल वू प्ले' म्हणजे 'तुमची मर्जी असेल तर'. रेस्टॉरंटचं बिल मागायचं ते असं. हॉटेलात राहिलात तर बिलाला 'ला नोत' म्हणतात, आणि प्लंबर, गॅरेज, वीज यांचं बिल असतं 'ला फाक्त्यूर'. तीन ठिकाणं, तीन शब्द.

ही बेरीज आली कुठून? अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्ये बाहेर जेवायचं तर 'ताब्ल दोत' असायचं, म्हणजे यजमानाचं टेबल. आपली खाणावळच समजा. ठरलेली वेळ, एकच लांब टेबल, जे शिजलं ते वाढणार, आणि सगळ्यांना ठरलेले पैसे. बेरजेचा प्रश्नच नाही.

१७६० च्या दशकात तिथे नव्या प्रकारची दुकानं निघाली. अशक्तांना ताकद देणारं मांसाचं सूप ती विकायची. त्या सूपचं नाव 'रेस्तोराँ', म्हणजे पुन्हा उभं करणारं. पुढे सूपचं नाव दुकानाला पडलं. इथे वेगळं टेबल, हव्या त्या वेळी यायचं, आणि हातात यादी : पदार्थाचं नाव, शेजारी किंमत. यादी म्हणजे 'कार्त'. 'आ ला कार्त' हा शब्द आपल्याकडच्या हॉटेलांतही आहे, त्याचा अर्थ इतकाच, यादीतून निवडून. प्रत्येकाने वेगळं निवडलं की शेवटी बेरीज आलीच!

ब्रिया-सावाराँ हा न्यायाधीश आणि पट्टीचा खवय्या. १८२५ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकात त्याने रेस्टॉरंटचा हाच मोठा गुण सांगितला आहे : पदार्थांचे भाव आधीच कळतात, त्यामुळे माणूस आपल्या खिशाप्रमाणे जेवू शकतो.

पण किंमत कोणाला दिसणार, हे भांडण इथेही संपलं नाही. उंची फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये दोन प्रकारची कार्त ठेवायची पद्धत होती. पुरुषाच्या हातात किमतींची, बाईच्या हातात बिनकिमतीची. पैसे तोच देणार हे गृहीत! १९८० मध्ये लॉस एंजलिसमधल्या एका फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये एक बाई आपल्या सहकारी पुरुषाला जेवायला घेऊन गेली, आणि यजमान असूनही तिच्याच हातात बिनकिमतीची यादी आली. प्रकरण कोर्टात गेलं, रेस्टॉरंटने ती पद्धत सोडून दिली.

आणखी एक व्यवहारी गोष्ट. फ्रान्समध्ये मागितल्याशिवाय बिल येत नाही. वेटर तुम्हाला विसरलेला नसतो, उठवणं असभ्य म्हणून तो थांबलेला असतो. आपणच हात किंचित वर करून म्हणायचं, 'लादिसियों, सिल वू प्ले.' जुन्या सिनेमांत वेटरला 'गार्सों!' अशी हाक मारतात, त्याचा अर्थ 'पोऱ्या'. ती आता मारू नका. 'मस्यू' किंवा 'मादाम' म्हणा.

टीप, मिशी आणि संप

बिलाच्या खाली कुठेतरी 'सेर्व्हिस कोंप्री' असं लिहिलेलं असतं. म्हणजे सेवेचे पैसे यातच धरले आहेत. हे दोन शब्द फुकट मिळालेले नाहीत.

टीपला फ्रेंचमध्ये 'पूर्बवार' म्हणतात, शब्दशः 'पिण्यासाठी'. हुबेहूब आपलं 'चायपाणी'. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कित्येक कॅफेंमध्ये वेटरला पगार नसायचाच, टीपवर जगायचं. त्यातलाही वाटा मालकाला द्यावा लागायचा. वर मिशी ठेवायला बंदी! एप्रिल १९०७ मध्ये पॅरिसच्या वेटरांनी संप केला आणि त्यांच्या मागण्यांत मिशी ठेवण्याचा हक्कही होता. हसू येतं, पण त्या काळात मिशी नसणं ही नोकराची खूण होती. मिशी मागणं म्हणजे 'आम्हीही चारचौघांसारखे पुरुष आहोत' हे सांगणं.

१९३३ मध्ये कायदा झाला की सेवेच्या नावाने घेतलेला पैसा पूर्णपणे कामगारांनाच मिळाला पाहिजे. आणि १९८७ मध्ये नियम आला की मेन्यूवर लिहिलेल्या किमतीत सेवा आणि कर दोन्ही धरलेले असलेच पाहिजेत. म्हणून १८ युरो लिहिलं असेल तर १८ युरोच द्यायचे. मेन्यू बाहेर दारापाशीही लावलेला असतो, बसण्याआधी वाचता येतो. टीप दिलीच पाहिजे असं नाही. सेवा आवडली तर सुटे ठेवून म्हणायचं, 'गार्दे ला मोने', सुटे राहू द्या.

पैसे वाचवणारं एक वाक्यही देतो : 'युन काराफ दो, सिल वू प्ले.' म्हणजे नळाच्या पाण्याचा जग. जेवणासोबत त्याचे पैसे लागत नाहीत. नुसतं 'पाणी' मागितलंत तर विकतची बाटली येऊ शकते. आणि कॉफी काउंटरशी उभं राहून प्यायलात तर टेबलापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

पिसू परत येते

शेवटचं वाक्य : 'ज प पेये पार कार्त?', म्हणजे 'कार्डने देऊ का?' रोख द्यायचे असतील तर 'आँ-नेस्पेस'.

तुमच्या डेबिट कार्डावर ती सोनेरी चौकोनी चिप दिसते ना? तिचं एक महत्त्वाचं पेटंट १९७४ मध्ये रोलाँ मोरेनो या फ्रेंच माणसाने घेतलं. त्याची मूळ कल्पना तर बोटातल्या अंगठीची होती. फ्रेंच लोक त्या चिपला म्हणतात 'प्यूस', म्हणजे पिसू! जुन्या बाजारात घासाघीस करायची तीही पिसू, आणि एक सेंटही इकडचा तिकडे न होऊ देणारी तीही पिसू. १९९२ पर्यंत फ्रान्समधल्या बँक कार्डांवर ती सगळीकडे आली, अमेरिकेच्या कितीतरी आधी.

बिलावर 'तेतेसे' ही तीन अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ 'सगळे कर धरून'. मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, पहिल्यांदा देशपातळीवर आणला तो फ्रान्सनेच, १९५४ मध्ये, मोरिस लोरे या कर अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. आपला जीएसटी त्याच घराण्यातला. आणि फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी आपलं यूपीआयही चालू झालं, पण गल्लीतल्या बेकरीत त्याच्या भरवशावर जाऊ नका.

मग हा इतिहास आजच का सांगितला? कारण आपल्या फोनवर भाव पुन्हा बदलता झाला आहे. विमानाचं तिकीट सकाळी एक, संध्याकाळी एक. पाऊस आला की कॅब दुप्पट. भाव का बदलला हे अल्गोरिदमला माहीत, आपल्याला नाही. बूसिकोच्या आधीचा दुकानदार निदान समोर तरी उभा होता, त्याला 'से त्रो शेर' म्हणता यायचं.

असो. आता गृहपाठ. मित्राला समोर बसवा आणि मोठ्याने म्हणा :

— बोंझूर, मस्यू. से कोंब्यँ?
— दूझ यूरो. (बारा युरो.)
— ज प पेये पार कार्त?
— व्वी, ब्यँ स्यूर. (हो, अर्थातच.)
— मेर्सी. बोन जूर्ने!

यातलं पहिलं 'बोंझूर' गाळू नका. २०१३ मध्ये नीस शहरातल्या एका कॅफेने पाटीच लावली होती : नुसतं 'एक कॉफी' म्हणाल तर ७ युरो, 'सिल वू प्ले' जोडलंत तर ४.२५, आणि 'बोंझूर'पासून सुरुवात केलीत तर १.४०. मालकाने गमतीत लावलेली पाटी, पण सवय लावून घ्यायला बरी आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ओ र्व्हार, मंडळी!